नवी मुंबईत सर्व्हर ठेवायचाय? भाड्याआधी वीज आणि पाणी बघा

ऐरोली, रबाळे, महापे या ठाणे-बेलापूर पट्ट्यात पाच-सहा किलोवॉटचा रॅक भाड्यानं मिळणं आता इतकं सर्रास झालंय की चौकशी केली की दोन-चार दिवसांत तीन-चार दरपत्रकं हातात पडतात. सगळी सारखीच दिसतात: टिअर अमुक (भरवशाची श्रेणी, एक ते चार), अपटाइम (सेवा चालू राहण्याचा वेळ) ९९.९८२ किंवा ९९.९९५ टक्के, २४ तास सुरक्षारक्षक, बायोमेट्रिक दार, 'हरित ऊर्जा'. हे परीक्षण त्यातल्या एखाद्या कंपनीचं नाही. या पट्ट्यात कोलोकेशन म्हणून, म्हणजे तुमचा सर्व्हर त्यांच्या इमारतीत भाड्यानं ठेवून घेण्याची, जी सेवा विकली जाते तिचं आहे, आणि तेही वीज आणि पाणी या दोनच अंगांनी. रॅक म्हणजे शेवटी लोखंडी कपाट. आपण पैसे मोजतो ते विजेचे आणि गारव्याचे.

निकाल आधीच सांगून टाकतो. वीज अखंड ठेवण्यात ही सेवा उत्तम. बिलाच्या बाबतीत डोळे उघडे ठेवावे लागतात. पाण्याच्या बाबतीत मात्र माहितीपत्रकात एक ओळही नसते, आणि पुढच्या दहा वर्षांचा भाव तर तिथेच ठरणार आहे.

आधी वीज. देशातल्या डेटा सेंटर क्षमतेचा जवळपास निम्मा वाटा मुंबई महानगरात आहे. समुद्राखालच्या केबल इथे किनाऱ्याला लागतात, बँका आणि शेअर बाजार इथे आहेत, आणि विजेचं जाळं राज्यातल्या इतर भागांपेक्षा दाट आहे. तरीही ते जाळं बसू शकतं. १२ ऑक्टोबर २०२० च्या सोमवारी सकाळी १० च्या सुमारास कळवा-पडघा वाहिनीवरच्या बिघाडानंतर एकामागून एक वाहिन्या ट्रिप झाल्या आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई अंधारात गेली, लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. म्हणून दाखवायला आलेल्या माणसाला पहिला प्रश्न हा विचारावा: त्या दिवशी तुमची इमारत किती तास डीजीवर, म्हणजे डिझेल जनरेटरवर, होती, आणि त्या दिवसाची नोंदवही बघायला मिळेल का? इमारत त्यानंतरची असेल तर अलीकडचा सगळ्यात लांब खंड कोणता, ते विचारा.

वीज गेल्यावर क्रम असा असतो. यूपीएस क्षणात भार उचलतं. डीजी १० ते १५ सेकंदांत सुरू होतो, अनेक संच एकमेकांशी जुळून पूर्ण भार घ्यायला मिनिटभर लागू शकतं. इथपर्यंत सगळे नीट सांगतात. पुढची गोष्ट सहसा कोणी आपणहून बोलत नाही: चिलर, म्हणजे गारव्याचं पाणी थंड करणारी यंत्रं, यूपीएसवर नसतात. वीज गेली की कॉम्प्रेसर थांबतो, आणि परत सुरू होऊन पूर्ण गारवा द्यायला त्याला तीन ते पाच मिनिटं, जुना असेल तर जास्तच लागतात. पाच किलोवॉटच्या रॅकला तेवढा वेळ जाणवत नाही. तीस-चाळीस किलोवॉटचा रॅक असेल तर तेवढ्यात तापमान २७ अंशांवरून चाळिशी ओलांडतं आणि सर्व्हर स्वतःच बंद पडायला लागतात. त्यामुळे विचारायचं ते हे: हॉलमधले पंखे आणि थंड पाण्याचे पंप यूपीएसवर आहेत का, आणि थंड पाण्याची साठवण टाकी किती मिनिटांची आहे? 'पंप डीजीवर आहेत' असं उत्तर आलं तर ज्यादा क्षमतेचे रॅक तिथे ठेवू नयेत.

टिअरच्या प्रमाणपत्राबद्दल थोडं. अपटाइम इन्स्टिट्यूट तीन वेगळी प्रमाणपत्रं देते: आराखड्याचं, प्रत्यक्ष बांधलेल्या इमारतीचं आणि ती चालवण्याचं. आराखड्याचं प्रमाणपत्र दोन वर्षांनी बाद होतं. 'टिअर फोर' लिहिलेलं दिसलं की या तिन्हींपैकी कोणतं, एवढंच विचारायचं. समोरचा गप्प झाला तर उत्तर मिळालंच.

डिझेलचा हिशोब सोपा आहे. एक मेगावॉट सर्व्हरभार, वर गारव्याचा आणि इतर खर्च धरून दीड मेगावॉट. युनिटमागे पाव लिटरहून किंचित जास्त, ०.२६ लिटर, डिझेल धरलं तर तासाला ३९० लिटर. टिअर थ्री आणि फोरला जागेवर किमान १२ तासांचा साठा लागतो, म्हणजे मेगावॉटमागे पावणेपाच हजार लिटर. '४८ तास' लिहिलेलं असेल तर सुमारे पावणेएकोणीस हजार. त्या टाक्यांना नागपूरच्या पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेचा, म्हणजे पेसोचा, परवाना लागतो. परवान्यावरचा आकडा आणि माहितीपत्रकातला आकडा जुळवून बघावा. डीजीच्या चाचणीची वहीही मागावी. महिन्याला पाच मिनिटं रिकामा फिरवून बंद करणं म्हणजे चाचणी नव्हे. हलक्या भारावर डिझेल पुरतं जळत नाही, धुराच्या नळीत काळा चिकट थर बसतो आणि खऱ्या दिवशी डीजी धाप टाकतो. क्षमतेच्या निदान ३० टक्के भारावर अर्धा तास, ही खरी चाचणी. टाकीच्या तळाशी साचलेलं पाणी आणि त्यात वाढणारा गाळ वर्षातून एकदा तरी गाळून काढला जातो का, तेही विचारावं. डीजी बंद पडण्याचं कारण इंजिनापेक्षा तुंबलेला डिझेल फिल्टर असण्याचीच शक्यता जास्त.

आपल्या बाजूची एक चूक इथे हमखास होते. रॅकला अ आणि ब असे दोन फीड, म्हणजे विजेचे दोन वेगळे पुरवठे, मिळतात, प्रत्येकी ३२ अँपिअर. २३० व्होल्टला ते ७.३६ केव्हीए होतात आणि ८० टक्के मर्यादा पाळली तर ५.९. दोन फीड मिळाले म्हणून दुप्पट भार चालेल असं समजून लोक दोन्हीकडे ६०-६० टक्के लावतात. एक फीड गेला की दुसऱ्यावर १२० टक्के येतात, ब्रेकर उडतो, आणि टिअर फोर इमारतीत तुमचा एकटाच रॅक काळा होतो. प्रत्येक फीडवर ४० टक्क्यांच्या वर जाऊच नये. ज्या सर्व्हरला एकच पॉवर सप्लाय आहे त्याला एका फीडवरून आपोआप दुसऱ्यावर नेणारा ट्रान्सफर स्विच लावा किंवा तो इथे आणूच नका.

अखंडतेची दुसरी बाजू ग्रिडला सोसावी लागते. १० जुलै २०२४ ला अमेरिकेत उत्तर व्हर्जिनियात २३० केव्ही वाहिनीवर दोष झाला आणि सुमारे ६० डेटा सेंटर एकाच वेळी ग्रिड सोडून स्वतःच्या यूपीएस-डीजीवर गेली. १,५०० मेगावॉट भार एका झटक्यात गायब. कारण साधं होतं: मिनिटभरात तीन वेळा व्होल्टेज पडलं की पर्यायी पुरवठ्यावर जा आणि माणसानं परत जोडेपर्यंत तिथेच राहा, अशी अनेक यूपीएसची मांडणी होती. प्रत्येक इमारतीनं स्वतःपुरतं शहाणपण केलं आणि ग्रिडला मात्र एकदम मोठं वीजकेंद्र बंद पडण्याच्या उलटा धक्का बसला. ठाणे-बेलापूर पट्ट्यात इमारती एकमेकींना खेटून आहेत, त्यामुळे ही मांडणी इथे कशी आहे ते विचारण्यासारखं आहे.

आकार डोळ्यांसमोर यावा म्हणून: ५० मेगावॉट सर्व्हरभाराची एक इमारत पूर्ण भरली तर वर्षाला ६५ कोटींहून जास्त युनिट ओढते. महिन्याला २०० युनिट वापरणारी पावणेतीन लाख घरं. आणि घरांसारखा हा भार रात्री उतरत नाही. 'शंभर टक्के हरित' हा दावा बहुतेकदा वर्षाच्या बेरजेवर असतो. दुपारी सौरऊर्जा विकत घेतलेली असते, पण रात्री ९ वाजता सर्व्हर चालतात ते ग्रिडवरच, आणि तेव्हा ग्रिडमध्ये कोळसा असतो.

आता बिल. विजेचा आकार बहुतेक करारांत असा येतो: तुमच्या रॅकच्या मीटरवरचे युनिट गुणिले पीयूई गुणिले दर. पीयूई म्हणजे सर्व्हरला एक युनिट पोचवण्यासाठी इमारतीनं एकूण किती युनिट खर्च केले. कोकणातल्या दमट हवेत चांगल्या इमारतीचा आकडा १.४ ते १.६ च्या घरात राहतो. करारात मात्र १.७ असा ठाम आकडा छापलेला असू शकतो. पाच किलोवॉट सतत ओढणारा रॅक महिन्याला ३,६०० युनिट घेतो. करारात १.७ आणि प्रत्यक्षात १.५ असेल तर ७२० युनिट तुम्ही न वापरता भरता. ९ रुपये दर धरला तर एका रॅकमागे महिन्याला जवळपास साडेसहा हजार. भाड्यात दोन हजारांची घासाघीस करून इथे साडेसहा हजार सोडणारे कमी नाहीत. आणखी एक: पीयूई ठाम असेल तर इमारतीनं कार्यक्षमता वाढवली की फायदा तिचा, तुमचा नाही. 'प्रत्यक्ष मासिक पीयूई, कमाल १.६' असं वाक्य घालून घ्या.

पाण्याकडे वळण्याआधी गच्चीवर जाऊन या. कूलिंग टॉवर म्हणजे फायबरचा मोठा चौकोनी खोका. वरून कोमट पाणी प्लॅस्टिकच्या जाळीदार पत्र्यांवरून गळतं, पंखा हवा ओढतो, थोडं पाणी वाफ होऊन जातं आणि उरलेलं गार होतं. वाफ शुद्ध पाण्याची जाते, क्षार खालीच राहतात. ते वाढत गेले की पाणी नाल्यात सोडून नवं भरावं लागतं, याला ब्लोडाऊन म्हणतात. शेजारी हाताएवढी एक पेटी असते, तिच्यावर पाण्याच्या विद्युतवाहकतेचा आकडा दिसतो. ठरावीक आकडा ओलांडला की ब्लोडाऊनचा व्हॉल्व्ह आपोआप उघडतो. तो आकडा बघा, आणि मग जाळीच्या कडांवर पांढरी खपली आहे का ते बघा. वहीत काहीही लिहिलेलं असो, खपली खोटं बोलत नाही.

आता गणित. एक युनिट उष्णता वाफेवाटे घालवायला दीड लिटरभर पाणी लागतं. एक मेगावॉट सर्व्हरभार, त्यात कॉम्प्रेसरची उष्णता मिळवून टॉवरकडे १.२ मेगावॉट येते, त्यातली चार पंचमांश वाफेनं जाते असं धरू. दिवसाला सुमारे ३४,००० लिटर नुसती वाफ. त्यावर ब्लोडाऊन. धरणाचं पाणी मऊ असतं. टॉवरमध्ये ते सहापट दाट होईपर्यंत फिरवता येतं, आणि एकूण पाणी ४१,००० लिटरपर्यंत राहतं. बोअरवेलचं किंवा खाडीजवळच्या विहिरीचं जड पाणी टँकरनं आलं तर अडीचपटीवरच सोडून द्यावं लागतं, आणि गरज ५७,००० लिटरवर जाते. म्हणजे टँकरच्या पाण्यापायी आणखी टँकर लागतात, आणि वरचे १६,००० लिटर नुसते नाल्यात. एवढ्यावर संपत नाही. कंडेन्सरच्या, म्हणजे चिलरच्या उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाच्या, नळ्यांत क्षारांचा थर बसला की चिलरची वीज वाढते, आणि ती परत तुमच्या पीयूईत येते.

पाच किलोवॉटच्या एका रॅकच्या वाट्याला हे दिवसाला २०५ ते २८५ लिटर येतं. शहरी पाणीपुरवठ्याचं प्रमाण माणशी १३५ लिटर आहे. एक कपाट, दीड ते दोन माणसं.

हे पाणी येतं कुठून? नवी मुंबई महापालिकेचं स्वतःचं मोरबे धरण आहे, पण औद्योगिक पट्ट्याला एमआयडीसीचं पाणी मिळतं: बारवी धरण, जांभूळचं शुद्धीकरण केंद्र आणि तिथून लांबलचक जलवाहिनी. दुरुस्तीसाठी एमआयडीसी शटडाऊन घेते, उन्हाळ्यात कपात येते. टिअरच्या नियमात पाण्यावर चालणाऱ्या गारव्यासाठीही १२ तासांचा साठा लागतो. २४ तासांचा शटडाऊन झाला आणि त्यानंतर दाब यायला आणखी वेळ लागला तर १२ तास कुठेच पुरत नाहीत. ४८ तासांची टाकी असेल तर सेवा चांगली समजा. '१२ तास आणि टँकरचा करार' असेल तर ध्यानात ठेवा की त्या दिवशी पट्ट्यातल्या सगळ्यांनीच टँकर मागवलेले असतात.

यावर उपाय म्हणून 'शून्य पाणी' अशी जाहिरात असलेले हवेवरचे चिलर विकले जातात. पाणी खरंच लागत नाही, पण सर्व्हरच्या दर युनिटमागे ०.१ युनिट वीज जास्त जाते. एका मेगावॉटला दिवसाला २,४०० युनिट, ९ रुपयांनी साडेएकवीस हजार रुपये. तेच पाणी समजा टँकरनंच आणलं, म्हणजे जड पाण्याचे ५७,००० लिटर, आणि दहा हजार लिटरच्या टँकरला ३,००० धरले तरी सव्वासतरा हजारांत भागतं. पाणीवाले टॉवर का जात नाहीत, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे: पाणी अजून स्वस्त आहे, टँकरचंसुद्धा.

'शून्य' या शब्दावर मात्र जाऊ नका. पर्यावरण मंत्रालयाच्या २०१५ च्या नियमानुसार जुन्या कोळसा केंद्राला युनिटमागे ३.५ लिटरपर्यंत पाण्याची मुभा आहे. कोळशाचीच वीज धरली तर १.५ पीयूईच्या हवावाल्या इमारतीत सर्व्हरच्या एका युनिटमागे सव्वापाच लिटरपर्यंत पाणी खर्ची पडतं, १.४ पीयूईच्या टॉवरवाल्या इमारतीत ४.९ अधिक जागेवरचे १.७, म्हणजे ६.६. हवेवरचा चिलर एकूणात पाणी वाचवतो, हे खरं. पण उरलेलं पाणी महाप्यात दिसत नाही, ते चंद्रपूर-परळीकडे खर्च होतं. परळीचं केंद्र २०१३ आणि २०१५ च्या दुष्काळात पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं. खाडीकाठी हवेच्या चिलरची आणखी एक अडचण म्हणजे खारी हवा कंडेन्सरच्या पातळ ॲल्युमिनियम पट्ट्या खाते. लेप दिलेली कॉइल आहे का, आणि धुण्याचं वेळापत्रक काय, ते पाहावं. या पट्ट्यात रासायनिक कारखानेही आहेत, त्यामुळे हॉलमध्ये तांबं-चांदीच्या गंज-पट्ट्या टांगून मोजणी करतात का, हेही विचारावं. मोजत नसतील तर हवेतल्या गंधकानं सर्किट बोर्ड काळे पडेपर्यंत कोणाला कळत नाही.

खरा तोडगा शेजारीच उभा आहे. महापालिकेनं ऐरोली आणि कोपरखैरणे इथल्या मलजल केंद्रांवर प्रत्येकी २० दशलक्ष लिटर क्षमतेची तृतीय स्तर शुद्धीकरण केंद्रं उभारली, ती औद्योगिक पट्ट्यालाच पाणी देण्यासाठी. असं पाणी चारपट दाट होईपर्यंत फिरवलं तरी ५० मेगावॉटच्या इमारतीला दिवसाला सव्वादोन दशलक्ष लिटर लागतात. म्हणजे एका केंद्रावर अशा आठ इमारती थंड होतात, बारवीच्या एका थेंबाविना. नागपुरात भांडेवाडीचं शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्राला जातंच आहे, तेव्हा हे काही नवं धाडस नाही. अडचण नळ्यांची आहे. अल्ट्राफिल्ट्रेशननं गाळ आणि जंतू जातात, विरघळलेला अमोनिया जात नाही. अमोनिया तांब्याच्या नळ्या खातो, फॉस्फेटचा थर बसतो, ऊबदार टॉवरमध्ये शेवाळ आणि लेजिओनेला हा न्यूमोनियाचा जंतू वाढतो. म्हणून येणाऱ्या पाण्यातला अमोनिया १ पीपीएमच्या आत ठेवायचा, नळ्या स्टेनलेस किंवा क्युप्रोनिकेलच्या घ्यायच्या, जंतुनाशकाचा डोस पाळायचा. ज्या इमारतीत हे सगळं आहे आणि वेगळ्या मीटरवर दिसतं, तिला भाडं थोडं जास्त दिलं तरी परवडेल.

एआयसाठी रॅक घेणाऱ्यांचं गणित निराळं आहे. एनव्हिडियाचा जीबी२०० एनव्हीएल७२ हा एक रॅक १२० किलोवॉटच्या आसपास ओढतो. तिथे हवा पुरत नाही, चिपवरून द्रव फिरवावा लागतो. 'लिक्विड कूलिंग म्हणजे पाणी जास्त' हा समज उलटा आहे. आतलं चक्र बंद असतं, आणि ते ४० अंशांच्या पुढे चालवता आलं तर कोकणच्या उन्हाळ्यातही नुसत्या कोरड्या रेडिएटरवर भागू शकतं, ना चिलर ना टॉवर. पण जुन्या इमारतीत तेच चक्र २०-२५ अंशांच्या थंड पाण्याला जोडून दिलं तर फायदा गेला. आत येणाऱ्या द्रवाचं तापमान किती, हा एकच प्रश्न पुरतो.

मग ही सेवा कोणी घ्यावी? शेअर बाजार, पेमेंट, मिलिसेकंदांचा धंदा असलेल्यांना नवी मुंबईला पर्याय नाही. नुसता बॅकअप किंवा दुसरी प्रत ठेवायची असेल तर पुण्याची कोरडी हवा जास्त सोयीची. हिवाळ्यातल्या रात्री तिथे चिलर बराच काळ विश्रांती घेऊ शकतात, दमट कोकणात ते फारसं जमत नाही.

पाहणीला जायचं तर मार्चअखेर ते मे, दुपारी ३ वाजता, आणि जमलं तर एमआयडीसीच्या शटडाऊनच्या दिवशी. हॉलमध्ये शिरल्यावर तापमान भिंतीवरच्या पाटीवर बघू नका. रॅकच्या समोरच्या बाजूला, वरच्या एक तृतीयांश भागात बघा, २७ अंशांच्या आत हवं. परत येताना गेटवर टँकर उभे आहेत का ते मोजा, आणि मागचे बारा महिने पाणी-मीटरवर काय आकडे होते ते लेखी मागा.